उन्हाळ्यापूर्वी गोठा आणि खुराडे

शिमगा सरला की ऊन चढू लागते, हे आपल्याकडील लहान मुलासही ठाऊक आहे. त्या सुमारास कोणी नवा माठ आणतो, कोणी छपरावर पाचट घालतो, कोणी मुलांस दुपारचे बाहेर हिंडू नका म्हणून दटावतो. परंतु त्याच घराच्या परसात जी शेळी बांधलेली आहे, जी म्हैस पत्र्याखाली उभी आहे, ज्या चार कोंबड्या डालग्याखाली झाकलेल्या आहेत, त्यांच्यासाठी उन्हाळ्याची अशी काही तयारी क्वचितच कोणी करतो. जनावर आहे, सोसेल, असे आपण म्हणतो. हा धडा त्या म्हणण्याविषयी आहे. जे बंधू तो आपल्या गावी मंडळीस वाचून दाखवतील, त्यांनी तो फाल्गुनातच वाचावा. वैशाखात वाचून फारसा उपयोग नाही.

रानातील जनावर ऊन सोसते, हे खरे. पण कसे सोसते ते पाहिले पाहिजे. ससा दुपारी झुडपाच्या बुडाशी बसतो. कावळा लिंबाच्या दाट फांदीत जातो. मोकळी म्हैस कोणी न सांगता नदीची वाट धरते व नाकापर्यंत पाण्यात बसते. म्हणजे ती सोसत नाहीत, तर उन्हापासून बाजूस होतात. आपण ज्यास दाव्याने बांधले किंवा डालग्याखाली कोंडले, त्यास ही मोकळीक राहिली नाही. दावे चार हातांचे असेल, तर त्या जनावराचे जगही चार हातांचेच असते. आणि त्या चार हातांत सावली, वारा व पाणी आहे की नाही, हे पाहणे सर्वस्वी आपल्याकडे येते.

काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक घडली, ती येथे सांगतो. चैत्राचे दिवस होते व शेजारच्या गावी लग्न होते. निघताना मी अकरा कोंबड्या पडवीत दोन डालग्यांखाली झाकून ठेवल्या. मोकळ्या सोडल्या तर मुंगूस धरील, अशी भीती वाटली. पडवीस पत्रा होता, पण सकाळी आठ वाजता तेथे चांगली गार सावली होती. जवळ घमेल्यात पाणीही ठेवले. परत आलो तो सायंकाळचे पाच वाजले होते. डालगी उचलून पाहतो तो सात कोंबड्या मेलेल्या, आणि राहिलेल्या चार चोची वासून, पंख पसरून पडलेल्या. घमेल्यातील पाण्यात बोट घालवेना, इतके ते तापले होते. त्या कोंबड्या माझ्या आईच्या होत्या. अंडी विकून जे पैसे येत ते ती एका पत्र्याच्या डब्यात टाकीत असे, व मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च त्या डब्यातून होत असे. ती मला एक शब्दही बोलली नाही. तिने डबा तेवढा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

मी सावली पाहिली होती, पण सकाळची पाहिली होती. सावली चालते. सकाळी जी जागा भिंतीच्या आड असते, ती दुपारी दोन वाजता उघड्या उन्हात येते, व घराचा मालक त्या वेळी दुसरीकडे असतो. ह्यास्तव पहिले काम असे की, सुटीच्या एखाद्या दिवशी घरी बसून आपल्या परसातील सावली पाहावी; सकाळी नऊ, दुपारी बारा, दोन आणि चार ह्या वेळी ती कोठवर येते, तेथे चुन्याने किंवा राखेने रेघ ओढावी. ज्या जागेवर चारही वेळी सावली आहे, तीच जनावराची जागा.

ह्यात आणखी एक खुबी आहे. फाल्गुनात सूर्य दक्षिणेकडून जातो. त्यामुळे घराच्या उत्तरेकडील अंगास दुपारभर सावली असते, व लोकांस वाटते की ही जागा उन्हाळाभर अशीच राहील. पण पुढे सूर्य उत्तरेकडे सरकत येतो. मे महिन्याच्या मध्यास तो पुण्याकडे माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो, व त्याच महिन्याच्या अखेरीस नागपूरकडे. तेव्हा भिंतीची सावली पायाशी गोळा होते, आणि दुपार कलल्यावर ऊन पश्चिमेकडून व वायव्येकडून आत शिरते. म्हणून रेघा एकदा फाल्गुनात ओढाव्या व पुन्हा एप्रिलच्या अखेरीस ओढाव्या. झाड असेल तर भिंतीपेक्षा झाड बरे. लिंब, चिंच किंवा आंबा ह्यांच्या सावलीत वारा खेळतो, आणि पत्र्यासारखी आच वरून येत नाही.

पत्र्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण पूर्वीची गवती छपरे व माळवदे जाऊन आता बहुतेक गोठ्यांवर पत्रा आला आहे. पत्रा पावसास उत्तम, पण उन्हात तो तव्यासारखा तापतो व खालच्या जनावराच्या पाठीवर उष्णता सोडतो. त्यावर उसाचे पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या किंवा नारळाच्या झावळ्या यांचा वीतभर थर घालून दोरीने बांधावा. तेही न मिळाले तर वरच्या बाजूस पांढरा चुना दोन हात द्यावा. पांढऱ्या रंगावरून ऊन परतते. पश्चिमेच्या बाजूस गोणपाटाचे पडदे सोडावे व दुपारी त्यांवर पाणी शिंपडावे. कोरडा वारा त्यातून येताना गार होतो. पण चहूकडून पडदे बांधून गोठा कोंडून टाकू नये. वारा नसेल, तर आतील ओल व उष्णता दोन्ही साचतात आणि उघड्यावर असते त्याहून वाईट दशा होते. कोकणातील वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तेथील हवा आधीच दमट असल्याने पाणी शिंपडण्याचा गुण थोडा, आणि वाऱ्याचा गुण फार.

आता एकेका प्राण्याकडे वळू. कोंबडीस घाम येत नाही. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत. तिच्या अंगाची उष्णता मूळचीच ४१ ते ४२ अंश सेल्सियस, म्हणजे आपल्या भाषेत १०६ किंवा १०७ ताप असतो. त्यात वरून उन्हाची भर पडली म्हणजे ती चोच उघडून भरभर श्वास घेते, पंख अंगापासून दूर धरते, आणि तुरा व गलोल ह्यांवाटे थोडी उष्णता बाहेर टाकते. एवढेच तिचे उपाय. डालग्याखाली पाच कोंबड्या एकमेकींस चिकटून असल्या तर पंख पसरावयासही जागा नसते. म्हणून उन्हाळ्यात खुराड्यात नेहमीपेक्षा कमी कोंबड्या ठेवाव्या, व दिवसा कोंडणे भागच असेल तर डालग्याऐवजी जाळीचे दार असलेले खुराडे झाडाखाली करावे. पाणी मातीच्या परळात द्यावे, एका ऐवजी दोनतीन ठिकाणी ठेवावे, व दुपारी एकदा बदलावे. कढत हवेत कोंबडी नेहमीच्या दुप्पट पाणी पिते. परंतु पाणी ऊन झाले तर ती तोंड लावीत नाही, आणि त्या वेळी पाणी असून नसल्यासारखेच.

दाण्याची वेळही बदलावी. खाल्लेले पचताना अंगात उष्णता उत्पन्न होते. दहा वाजता पोटभर दाणे टाकले तर ती उष्णता नेमकी भर दुपारी उठते. यास्तव पहाटे, उजाडताच, व पुन्हा ऊन उतरल्यावर दाणे टाकावे; मधल्या वेळी पाणी व थोडा हिरवा पाला पुरे. उन्हाळ्यात अंड्याचे कवच पातळ होते, ह्याचेही कारण तो भरभर श्वासच होय. त्याने रक्तातील कवच घडविणारा अंश कमी पडतो. शिंपल्यांचा चुरा एका परळात वेगळा ठेवावा. उबविण्यासाठी राखलेली अंडी मात्र घरातील सर्वांत गार कोपऱ्यात, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात ठेवावी. उष्ण जागी कोंबडी न बसताही अंड्यातील जीव वाढू लागतो व अर्धवट वाढून मरतो, आणि मग लोक कोंबडीस दोष देतात. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस ऊन वाढण्यापूर्वीच टोचून घ्यावी. ती लस बर्फात ठेवूनच आणावी लागते. खिशात घालून उन्हातून आणलेली लस टोचली काय आणि न टोचली काय, सारखेच.

म्हशीकडे पाहून पुष्कळांस वाटते की एवढे दांडगे जनावर, ह्यास ऊन काय करणार. खरे पाहता मोठ्या जनावरांत उन्हापुढे तीच अधिक दुबळी. कातडी काळी, म्हणून ऊन शोषून घेते. अंगावर केस विरळ, म्हणून आडोसा नाही. आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फार थोड्या. ह्या तिन्हींची भरपाई ती डुंबून करीत असते. नदीओढ्यास पाणी होते तोवर पंढरपुरी असो की मुऱ्हा, तिचे चालून जाई. आता ओढे माघातच आटतात, आणि म्हैस गोठ्यातच राहते. तेव्हा डुंबण्याऐवजी तिच्या अंगावर पाणी घातलेच पाहिजे; दुपारी बारानंतर एकदा व चारच्या सुमारास एकदा, सावलीत उभी करून, आधी पाय, मग अंग, अशा क्रमाने. पाण्याची टंचाई असेल तर ओले पोते पाठीवर टाकावे व वाळताच पुन्हा भिजवावे. दुभत्या म्हशीस उन्हाळ्यात दिवसाकाठी ६० ते ८० लिटर पाणी प्यावयास लागते. टंचाईच्या गावी हा आकडा ऐकून छाती दडपते, हे मी जाणतो. पण एप्रिलात एवढे पाणी मिळण्याची आशा नसेल, तर त्याचा विचार फाल्गुनात, जनावर विकावयाचे की पाण्याजवळच्या नातलगाकडे पाठवावयाचे असतो, तेव्हाच केला पाहिजे. मे महिन्यात अर्धमेले जनावर बाजारात नेले तर कोणीही त्याचे मोल करीत नाही.

गाईंमध्ये खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी ह्या आपल्या जाती लोंबत्या कातडीच्या व घाम येणाऱ्या आहेत. सावली व पाणी असले की त्या निभावतात. संकरित गाय दूध अधिक देते, परंतु तिचे मूळ थंड मुलखातील. आपल्याला सुखाची वाटणारी हवाही तिला उष्ण होते. तिच्यासाठी वर सांगितलेले सर्व उपाय करावे, आणि वैरणीचा मोठा भाग रात्री घालावा.

बैलांविषयी एक गोष्ट कायद्याची आहे व ती थोड्यांस माहीत असते. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास मनाई करणारा कायदा १९६० साली झाला, आणि त्याखाली १९६५ साली ओढकामाच्या जनावरांचे नियम झाले. जेथे उष्णता ३७ अंशांवर जाते, तेथे दुपारी बारा ते तीन ह्या वेळात जनावर गाडीस किंवा ओझ्यास लावू नये, असे त्यात स्पष्ट आहे. ऊसवाहतुकीच्या शेवटच्या दिवसांत हे किती पाळले जाते, ते रस्त्यावर उभे राहून कोणासही पाहता येईल.

शेळी ह्या सर्वांत काटक. उस्मानाबादी शेळी कोरड्या माळावरच वाढलेली आहे. तिला सकाळी लवकर सोडावी, दहाच्या आत सावलीत आणावी, व चारनंतर पुन्हा सोडावी. शेळी घाण पाणी पीत नाही. भांडे रोज घासावे, नाहीतर ती तहानलेली राहील व आपण म्हणू की तिला पाणी नको आहे. गाभण शेळी व लहान करडे ह्यांस मात्र माळावर नेऊच नये. घरीच शेवरी, हादगा, बोर ह्यांचा पाला व बाभळीच्या वाळलेल्या शेंगा घालाव्या. एका धोक्याचा इशारा येथे देतो. ज्वारी काढल्यावर शेतात जे कोवळे फुटवे येतात, किंवा पाण्यावाचून खुंटलेली जी कोवळी ज्वारी असते, तीत जालीम विष तयार होते. हिरवे दिसले म्हणून भुकेली जनावरे तेथे सोडू नयेत, घटकेत दगावतात.

प्यावयाच्या पाण्याची सोय हल्ली नळाने व छपरावरील काळ्या टाकीने होते. दुपारी त्या नळाचे पहिले पाणी कढत येते. ते तसेच डोणीत सोडू नये. बादलीत काढून बाजूस ठेवावे व मागाहून येणारे गार पाणी द्यावे. ह्याहून सोपी युक्ती म्हणजे सकाळीच भरलेला रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरून सावलीत ठेवलेला.

कुत्र्यास घाम येतो तो केवळ पंजांच्या तळव्यांस. बाकी सर्व काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्याने होते. त्यास दुपारी साखळीने बांधून ठेवू नये, डांबरी रस्त्यावरून चालवू नये, बंद मोटारीत क्षणभरही ठेवू नये. त्याचे केस मुळापासून काढणेही चूक आहे. केस उन्हासही आडोसा करतात. गोचीड ह्याच दिवसांत वाढतात, तेव्हा कान व बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्या. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात, अशी जी समजूत आहे, ती खरी नव्हे. पिसाळणे हा उन्हाचा विकार नसून, रोगी प्राण्याच्या लाळेतून, बहुतकरून चाव्याने, लागणारा रोग आहे व तो बाराही महिने होतो. ऊन लागलेले कुत्रेही लाळ गाळते व झोकांड्या खाते, आणि पुष्कळदा लोक त्यास पिसाळलेले समजून दगडांनी मारतात. ओळख पटली नसेल तर तोंडाजवळ हात नेऊ नये. दुरून पाणी ओतावे व सावली करावी. कोणास चावा झालाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर तिखट, चुना किंवा तेल लावू नये, व त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. घरच्या कुत्र्यास तीन महिन्यांचे असता पहिली लस व पुढे दरवर्षी एक टोचावी.

काही घरी ओसरीवर पिंजऱ्यात पोपट टांगलेला असतो. त्यास कोठे टांगावा हा प्रश्न येथे घेत नाही, कारण आपल्या देशातील रानपोपट पकडणे व पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

इतके करूनही जनावरास ऊन लागले तर ओळखावे कसे? शांत उभ्या गाईची किंवा म्हशीची कूस एका मिनिटात साधारण १५ ते ३० वेळा हलते. ती ६० वर गेली, जीभ बाहेर आली, तोंडातून फेस गळू लागला, रवंथ थांबला, की वेळ दवडू नये. सावलीत आणावे, डोके, मान व पाय ह्यांवर साधे गार पाणी सारखे ओतावे व पंख्याने किंवा पोत्याने वारा घालावा. ते आपण होऊन पिईल तेवढे पाणी, चिमूटभर मीठ व थोडा गूळ घालून, थोडे थोडे पुढे करावे. बांबूच्या नळकांड्याने घशात पाणी कधी ओतू नये. धापा टाकणाऱ्या जनावराच्या श्वासनळीत ते जाते, आणि जे उन्हातून वाचले असते ते त्याने मरते. तापल्या सळईचे डाग देण्याची चाल काही गावी अजून आहे. डागाने उन्हाचा विकार जात नाही, जखम तेवढी राहते. त्यापेक्षा १९६२ ह्या क्रमांकावर फोन करावा. हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा क्रमांक आहे, व लक्षात ठेवावयास सोपा आहे.

उन्हाळ्यात आगीही लागतात. कडब्याची गंजी गोठ्यास लावून रचू नये, व चुलीची राख विझल्याशिवाय परसात टाकू नये. ह्या दिवसांत दाव्यास निरगाठ मारू नये, सुरगाठ मारावी, म्हणजे एका ओढीने सुटते. घरातील मुलांस व म्हाताऱ्या माणसांसही ती सोडावयास शिकवून ठेवावी, कारण आग लागते तेव्हा कर्ता माणूस बहुतकरून शेतात असतो.

मे महिना सरत आला म्हणजे घटसर्प, फऱ्या व शेळ्यांचा आंत्रविषार ह्यांच्या लशी टोचून घ्याव्या. लस अंगात भिनावयास दोनतीन आठवडे लागतात, म्हणून पाऊस येईपर्यंत थांबू नये. टोचणी सकाळच्या गारव्यात करावी. पहिल्या पावसाने माळ हिरवा दिसू लागला, तरी चार महिने कोरडी वैरण खाल्लेले जनावर एकदम त्या लुसलुशीत गवतावर सोडू नये. आधी घरी मूठभर कडबा घालावा, मग पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, असे वाढवीत न्यावे. पाचट मात्र पत्र्यावरून पाऊस जोराचा लागण्यापूर्वी काढून घ्यावे. भिजले तर त्याचे ओझे होते व खाली पाणी गळते.